फुग्याखालचा माळ

गेल्या वर्षी ऑगस्ट महिन्यात आमच्या परिचयाचे एक कुटुंब केनियाची सफर करून आले. थोरला मुलगा नैरोबीत नोकरीस आहे. त्याने आईवडिलांना मासाई मारा येथे नेले आणि एका पहाटे उष्ण हवेच्या बलूनमध्ये बसविले. परतल्यावर त्यांनी आम्हांला अगत्याने घरी बोलावले. चहापाणी झाले आणि छायाचित्रे एकामागून एक पुढे सरकू लागली. पिवळे गवत, त्या गवतावर पडलेली बलूनची लांबट सावली, मुंग्यांच्या रांगेसारखी दिसणारी वाइल्डबीस्ट नावाच्या जनावरांची रांग, मध्येच एकटे उभे असलेले बाभळीच्या जातीचे झाड. घरच्या मातोश्री भारावून गेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "फादर, खाली काही म्हणजे काही नव्हतं हो. नुसता माळ आणि जनावरं. देवानं निर्माण केल्यापासून कुणी हातसुद्धा लावला नसेल असा!"

छायाचित्रे सुंदर होती यात शंका नाही. तथापि "खाली काही नव्हतं" हे शब्द आमच्या मनात रुतून बसले. सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा रस्ता धाराशिव जिल्ह्यात शिरला की नळदुर्ग, जळकोट, येणेगूर, उमरगा या टापूत दोन्ही बाजूंना मुरमाड माळ पसरलेला दिसतो. आमच्याबरोबर त्या रस्त्याने प्रवास करणाऱ्या कोकणपट्टीतील मंडळींनी खिडकीबाहेर पाहून नेमके हेच शब्द उच्चारलेले आम्ही अनेकदा ऐकले आहेत : "इथे काहीच नाही." आफ्रिकेचा माळ बलूनमधून पाहिला तर तो रमणीय वाटतो, आपला माळ एस.टी.च्या खिडकीतून पाहिला तर तो भकास वाटतो, आणि दोन्हीकडे पाहणाऱ्याला तो रिकामाच दिसतो. या दोन माळांचा आणि त्यांच्यावरून तरंगत गेलेल्या फुग्यांचा इतिहास आम्ही सवडीने वाचीत गेलो. त्यातील काही भाग वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम या वाहनाविषयी दोन शब्द. साधारण तपमानाला एक घनमीटर हवेचे वजन सुमारे सव्वा किलो असते. तीच हवा उकळत्या पाण्याइतकी तापविली की ती फुगते आणि तेवढ्याच जागेतील हवेचे वजन पाव किलोने कमी भरते. हा पाव किलोचा फरक म्हणजे बलूनचे सारे बळ. दहाबारा माणसे टोपलीत बसवून उचलावयाची तर कापडी पिशवी हजारो घनमीटरांची हवी, हे ओघानेच आले. सफर पहाटेच का, याचेही उत्तर त्यातच आहे. भोवतालची हवा थंड असली म्हणजे आतल्या उष्ण हवेशी तिचा फरक मोठा राहतो, आणि ऊन चढल्यावर जमिनीवरून उसळणारे वाऱ्याचे लोट पहाटे नसतात. चालकाच्या हाती सुकाणू नसते. तो फक्त वर जाऊ शकतो आणि खाली येऊ शकतो. निरनिराळ्या उंचीवर वारा निरनिराळ्या दिशेने वाहतो, तेव्हा हवी ती दिशा मिळेपर्यंत उंची बदलीत राहावयाचे, एवढीच त्याची विद्या. कोठे उतरावयाचे हे अखेर वाराच ठरवितो. म्हणून बलूनच्या मागोमाग जमिनीवरून एक मोटार धावत असते. बलूनच्या इतिहासात उड्डाणाची वर्णने पुष्कळ आढळतात. उतरण्याच्या जागी कोण उभे होते, त्याचे शेत कसले होते आणि त्याच्या मनात काय आले, याची नोंद मात्र क्वचित सापडते.

आपल्या वाचकांना अभिमान वाटेल अशी एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. युरोपात उष्ण हवेचा फुगा प्रथम उडविणारा गृहस्थ एक कॅथलिक धर्मगुरू होता. बार्तोलोमेउ द गुस्मांव हे त्याचे नाव. ब्राझिलमधील सांतोस येथे १६८५ साली त्याचा जन्म झाला. काही काळ तो येशूसंघाचा उमेदवार होता. पुढे संघ सोडून तो धर्मप्रांतीय धर्मगुरू झाला. १७०९ साली त्याने पोर्तुगालचा राजा पाचवा जुआंव याजकडे अर्ज केला, की आपण हवेतून प्रवास करण्याचे एक साधन शोधले आहे, त्याचा हक्क आपणांस मिळावा. त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात लिस्बनमध्ये राजदरबारासमोर त्याचा प्रयोग झाला. कागदाचा लहानसा फुगा, खाली जळणारी वात. एका प्रयत्नात फुगा वर चढला तेव्हा पडदे पेटतील या भीतीने नोकरांनी तो पाडून टाकला, अशी हकीगत आहे. अखेर तो छतापर्यंत पोहोचला. प्रेक्षकांत पोपमहोदयांचे राजदूत कार्डिनल कोंती होते, तेच पुढे १७२१ साली तेरावे इनोसंट म्हणून परमगुरुपदी आले.

हा प्रयोग जेथे झाला त्या वास्तूचे नाव 'काझा दा इंडिया', म्हणजे 'हिंदुस्थानचे घर'. गोवा, वसई, दमण येथील व्यापाराचा सारा हिशेब तेथे ठेवला जाई. पाचवा जुआंव १७०६ साली गादीवर आला आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली तेव्हाही तोच राज्य करीत होता. म्हणजे हा फुगा वर चढला तेव्हा वसईच्या किल्ल्यातील आपले पूर्वज त्याच राजाची प्रजा होते. त्यांना या प्रकाराची वार्ता लागली असेल असे काही मानता येत नाही. गुस्मांवचे पुढील आयुष्य सुखाचे गेले नाही. १७२४ साली इन्क्विझिशनच्या चौकशीचा धाक वाटून तो स्पेनला पळाला आणि त्याच वर्षी तोलेदो येथील एका रुग्णालयात, वयाची चाळिशीही गाठण्यापूर्वी, मरण पावला. नवल पाहून टाळ्या वाजविणारे आणि संशय घेणारे एकाच दरबारात असतात.

त्यानंतर ७४ वर्षांनी फ्रान्समध्ये कागदाच्या कारखानदार घराण्यातील मोंगोल्फिए बंधूंनी हीच विद्या नव्याने शोधली. ४ जून १७८३ रोजी आनोने गावी त्यांचा फुगा उडाला. १९ सप्टेंबरला व्हर्साय येथे एक मेंढरू, एक बदक आणि एक कोंबडा यांनी वरची हवा खाल्ली. २१ नोव्हेंबरला पॅरिसमध्ये दोन माणसे प्रथमच मोकळ्या फुग्यातून उडाली. हे सारे शाळेच्या पुस्तकांतून आपण वाचलेले असते. आम्हांला विशेष वाटतो तो त्या दोहोंमधला प्रसंग. २७ ऑगस्ट १७८३ रोजी शार्ल या शास्त्रज्ञाने पॅरिसहून हायड्रोजन वायूचा एक माणूसविरहित फुगा सोडला. सुमारे पाऊण तासाने तो गोनेस नावाच्या खेड्यात शेतात उतरला. शेतकऱ्यांनी पाहिले, की एक प्रचंड गोळा धापा टाकल्यासारखा हलत आहे आणि त्यातून दुर्गंधी येत आहे. त्यांनी काटेरी फावडी घेऊन त्याचा समाचार घेतला आणि उरलेल्या चिंध्या घोड्याच्या शेपटीला बांधून ओढीत नेल्या. पॅरिसमध्ये या खेडवळांची पुष्कळ थट्टा झाली. परंतु सरकारने मात्र शहाणपणाने एक जाहीरनामा काढला, की आकाशात काळवंडलेल्या चंद्रासारखे काही दिसल्यास भिऊ नये, ते कापडाचे यंत्र आहे, त्यापासून इजा होत नाही. आमच्या मते बलूनच्या इतिहासातील पहिला समंजस कागद तो हाच. शेत ज्याचे, त्याला आधी कळवावयास हवे होते, एवढी कबुली त्यात आहे.

आता आफ्रिकेकडे वळू. ज्यूल व्हर्न या फ्रेंच कादंबरीकाराने १८६३ साली झांझिबारहून फुग्यातून आफ्रिका ओलांडणाऱ्या प्रवाशांची कथा लिहिली. ते स्वप्न प्रत्यक्षात उतरावयास शंभर वर्षे लागली. १९६२ साली अँथनी स्मिथ या इंग्रज लेखकाने 'जांबो' नावाच्या हायड्रोजनच्या फुग्यातून झांझिबारहून मुख्य भूमी गाठली आणि पुढे एन्गोरोन्गोरो व सेरेंगेटी येथील माळांवरून उड्डाणे केली. त्याच्या सोबत केनियात वाढलेला अ‍ॅलन रूट नावाचा तरुण छायाचित्रकार होता. दरम्यान, १९६० साली एड योस्ट या अमेरिकन गृहस्थाने नायलॉनची पिशवी आणि प्रोपेन वायूचा बर्नर वापरून गुस्मांवच्या जुन्या उष्ण हवेला नवे रूप दिले होते. रूट आणि त्याची पत्नी जोन यांनी तसा फुगा आणवून १९७४ साली किलिमांजारो या ५,८९५ मीटर उंचीच्या पर्वतावरून उड्डाण केले. वरून टिपलेली जनावरांची चित्रे पाहून लोक त्याच्याकडे जागा मागू लागले आणि १९७६ साली मासाई मारातील किकोरोक येथून पैसे घेऊन प्रवाशांना नेणारी पहिली सफर सुरू झाली. आमच्या परिचयाच्या कुटुंबाने घेतला तो अनुभव येथून निघाला.

याच रूटने त्याआधी आणखी एका कामात हातभार लावला होता, आणि ते काम विसरता येत नाही. जर्मनीतील प्राणिसंग्रहालयाचे संचालक बर्नहार्ड ग्रझिमेक व त्यांचा मुलगा मिखाएल यांनी १९५० नंतरच्या दशकात झेब्र्यासारखे पट्टे रंगविलेल्या लहान विमानातून सेरेंगेटीतील जनावरांची मोजणी केली. त्या चित्रपटाच्या छायाचित्रणात रूट होता. जानेवारी १९५९ मध्ये एका गिधाडाशी टक्कर होऊन ते विमान कोसळले आणि तरुण मिखाएल मरण पावला. चित्रपट जगभर गाजला, त्याला ऑस्कर मिळाले. सेरेंगेटी वाचली पाहिजे हे जगाला पटले, ते योग्यच झाले. पण 'सेरेंगेटी' हा शब्दच मुळी मासाई भाषेतला. जमीन जेथे अखंड पसरत जाते ती जागा, असा त्याचा अर्थ सांगतात. या जागेला हे नाव देणारी माणसे तेथे गाई राखीत होती. १९५९ सालीच ब्रिटिश वसाहती सरकारने मासाई पशुपालकांना सेरेंगेटीच्या राष्ट्रीय उद्यानातून हलवून एन्गोरोन्गोरोकडे जावयास लावले. ग्रझिमेक यांचेही मत असे होते, की राष्ट्रीय उद्यानात माणसाला थारा नसावा. वरून पाहणाऱ्याने जनावरे काळजीपूर्वक मोजली. मासाईंची गणना मात्र त्याने अडथळ्यांत केली.

आमच्या त्या मातोश्रींना हे सांगावयास आम्ही थोडे कचरलो. आनंदाने दाखविलेल्या छायाचित्रांवर पाणी ओतण्याचा आमचा हेतू नव्हता. परंतु "कुणी हात लावला नसेल" असा तो माळ नाही. शतकानुशतके गुरे चारून, ठराविक काळी गवत जाळून, पुन्हा उगवू देऊन माणसांनी तो माळ वापरलेला आहे. नंतर त्यातील काही भाग माणसांवाचून ठेवण्यात आला, म्हणून तो वरून रिकामा दिसतो.

धाराशिवच्या माळाचे भाग्य याहून निराळे, पण त्याच जातीचे. बालाघाटच्या डोंगररांगा, त्यांच्या माथ्यावरचे पठार, सातआठशे मिलीमीटरांच्या आसपासचा आणि तोही लहरी पाऊस, काळ्या कातळावर हातभर मुरूम. अशा भूमीत घनदाट अरण्य होत नाही. कुसळीचे गवत, हिवर, बोर, बाभूळ, पळस, मधूनच खैर, असाच पसारा होतो. पूर्वी येथे अरण्य होते, ते लोकांनी तोडले आणि मग हा ओसाड माळ उरला, असे आम्हांला शाळेत शिकविले गेले. महसुली दप्तरांतही अशा जमिनीपुढे 'पडीक' असा शेरा पडे. २०२५ साली आशीष नेर्लेकर व दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी प्रसिद्ध केलेल्या एका निबंधाने या समजुतीला चांगलाच धक्का दिला आहे. त्यांनी तेराव्या शतकापासूनचे मराठी वाङ्मय, संतचरित्रे, ओव्या, पोवाडे धुंडाळून त्यांत आलेल्या झाडाझुडपांची नोंद केली. पश्चिम महाराष्ट्राविषयीच्या या नोंदींत रानटी वनस्पतींपैकी निम्म्याहून अधिक वनस्पती अरण्यातल्या नव्हे तर माळावरच्या निघाल्या. म्हणजे साडेसातशे वर्षांपूर्वीही तेथे माळच होता. शास्त्रज्ञ त्याला सॅव्हाना म्हणतात, आफ्रिकेतील त्या माळासाठी वापरतात तोच शब्द. धाराशिवचा माळ त्याच दख्खनच्या पठारावर आहे. पूर्वजांनी त्याला गायरान म्हटले, चराऊ रान म्हटले. पुस्तकी मंडळींनी त्याला पडीक ठरविले.

या 'पडीक' माळाने काय दिले हे पाहावयाचे असेल तर उस्मानाबादी शेळीकडे पाहावे. काळी, उंच पायांची, बहुधा जुळी करडे देणारी ही जात जिल्ह्याचे जुने नाव घेऊन देशभर गेली. २०२३ साली जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले तरी शेळीने आपले नाव बदललेले नाही. काळवीट, लांडगा, खोकड आणि चंडोल यांचेही घर तेच. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली शेजारच्या सोलापूर व तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत अभयारण्य केले गेले. आता तेथे तो दिसणे दुर्मिळ झाले आहे. पडीक म्हटलेली जमीन कोणीही कशालाही घ्यावी अशी रीत पडते, आणि माळढोकाला तर मोकळ्या माळावाचून दुसरे घर नाही.

या माळावरूनही फुगे जातात हे पुष्कळांना ठाऊक नसते. सफरीचे नव्हेत, विज्ञानाचे. डॉ. होमी भाभा यांनी विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत फुगे उडविण्याची परंपरा घातली. १९६०च्या आगेमागे हैदराबादेतील उस्मानिया विद्यापीठाच्या आवारातून असे फुगे सोडले जाऊ लागले आणि १९६९ साली त्याच शहरात कायमचे केंद्र झाले. हैदराबादच का, याला कारण आहे. तेथे पृथ्वीचे चुंबकत्व कमी शक्तीच्या विश्वकिरणांना अडवून धरते, त्यामुळे दूरच्या ताऱ्यांकडून येणारे क्षीण संकेत वेगळे ओळखता येतात. ज्या निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावाने ते विद्यापीठ, त्याच्याच नावाने पूर्वी हा जिल्हा. नावांची ही गाठ इतिहासाने सहज घालून ठेवली.

या फुग्यांचे प्लॅस्टिक केसाहूनही पातळ असते. त्यांत हायड्रोजन भरतात, तोही सोडतेवेळी थोडाच, कारण तीसपस्तीस किलोमीटर उंचीवर हवेचा दाब इतका कमी होतो की तोच वायू शंभरपटीच्या आसपास फुगून पन्नास ते ऐंशी मीटर व्यासाचा गोल होतो. रात्री किंवा पहाटे सोडलेला फुगा काही तास तरंगतो. मग दूरसंदेशाने उपकरणांची पेटी त्यापासून सुटी केली जाते आणि ती रंगीत हवाई छत्रीला लटकून खाली येते. कोठे? तर विशाखापट्टण, हैदराबाद, सोलापूर या रेषेच्या आसपास, असे केंद्राच्या जाहीर निवेदनांत दरवेळी सांगितलेले असते. नकाशा पुढे घ्या आणि हैदराबादहून सोलापूरकडे रेघ ओढा. उमरगा आणि नळदुर्ग त्या रेघेला लागूनच सापडतील. निवेदनात पुढे विनंती असते, की पेटी सापडल्यास उघडू नये, हलवू नये, पोलीस ठाण्यात अथवा टपाल कचेरीत कळवावे, योग्य ते बक्षीस मिळेल. पूर्वी तार करा असेही असे. २०१३ साली तारखातेच बंद झाले. १७८३ सालच्या फ्रेंच जाहीरनाम्याचा हा वंशज आहे असे आम्हांला नेहमी वाटते, आणि तितक्याच सौजन्याने तो लिहिलेला असतो.

पण असा कागद गावातील शेवटच्या माणसापर्यंत पोहोचतो का? येथे आम्हांला एक जुनी आठवण नमूद करावयाची आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन्ही जिल्ह्यांत हजारो माणसे घरांच्या दगडांखाली गेली. आम्ही तेव्हा सेमिनरीत होतो. सुटीत काही सोबत्यांसह मदतकार्यासाठी सास्तूरच्या परिसरात राहिलो. तेथे पत्र्याच्या निवाऱ्यात एक वृद्ध धनगर आजोबा रात्री आमच्याशी बोलत बसत. त्यांना झोप येत नसे, आणि खरे म्हणजे आम्हांलाही येत नसे. एके रात्री वरून हेलिकॉप्टर गेले तेव्हा त्यांनी आपली एक हकीगत सांगितली. पुष्कळ वर्षांपूर्वी हिवाळ्यात, कापणी झालेल्या ज्वारीच्या रानात त्यांना एक पेटी सापडली होती. वर लांबलचक कापड, दोऱ्या, आणि आत कसलीशी घरघर. त्यांनी कोणालाही सांगितले नाही. दोन दिवस ती कडब्याखाली झाकून ठेवली आणि दोन्ही रात्री ते घराबाहेर झोपले. तिसऱ्या दिवशी पोलीस पाटलाला कळले, जीप आली, माणसे पेटी घेऊन गेली. त्यांनी आजोबांना पैसे दिले आणि चांगले बोललेही.

"मग आजोबा, झाकून का ठेवलीत?" आम्ही विचारले.

आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "लेकरा, ती मानसं म्हनली, ह्या पेटीतनं वरचं समदं कळतंय. म्या म्हनलं, वरचं कळतंय, मंग खाली म्या दोन दिस कशापायी भ्यालो, ते न्हाई कळलं व्हय तुमास्नी?"

त्या वयात आम्हांला ते बोलणे भाबडे वाटले. पुढे इतिहास वाचताना त्याचा अर्थ हळूहळू उमगत गेला. आजोबांचे तरुणपण रझाकारांच्या धामधुमीत गेले होते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरहून हैदराबाद संस्थानात शिरले ते याच रस्त्याने, आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग ताब्यात आला. विमाने डोक्यावरून गेली ती त्या प्रदेशातील पुष्कळांनी पाहिलेली पहिली विमाने असावीत. ती मुक्ती घेऊन आली होती खरी, पण खाली उभ्या असलेल्या पोराला विमानाच्या पोटात काय आहे हे दिसत नसते. त्यानंतर वरून जे जे म्हणून आले, साऱ्याचा बटवडा, दुष्काळी पाहणी, सक्तीची कागदपत्रे, ते विचारून आले नाही. गोनेसच्या शेतकऱ्याने फावडे उचलले आणि आमच्या आजोबांनी कडबा टाकला. दोघांनाही कोणी आधी येऊन सांगितले नव्हते.

असे म्हणताना आम्ही त्या फुग्यांची किंमत कमी लेखीत नाही. उलट मराठी माणसाला ज्याविषयी कुतूहल वाटावे असा एक प्रयोग याच केंद्रातून झाला. सजीव सृष्टीचे बीज अंतराळातून पृथ्वीवर येत असेल काय, हा प्रश्न सर फ्रेड हॉइल यांनी मांडला होता. त्यांचे शिष्य डॉ. जयंत नारळीकर यांनी पुढाकार घेऊन भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या साहाय्याने जानेवारी २००१ मध्ये, आणि पुन्हा एप्रिल २००५ मध्ये, हैदराबादहून फुगे पाठविले. दुसऱ्या वेळी ४५९ किलोग्रॅम वजनाची उपकरणे होती. द्रवरूप निऑनने गारठविलेल्या निर्जंतुक नळ्यांत २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवा पकडून आणली गेली. पुणे आणि हैदराबाद येथील प्रयोगशाळांनी तपासणी केली. २००९ साली जाहीर झाले, की त्यांत जीवाणूंच्या तीन जाती अशा आहेत ज्यांची पूर्वी नोंद नव्हती. एकीला हॉइल यांचे, एकीला इस्रोचे, एकीला आर्यभटाचे नाव दिले गेले. ते परलोकीचे पाहुणे आहेत असा दावा शास्त्रज्ञांनी केला नाही. सिद्ध झालेले नाही, एवढेच ते सांगत राहिले. डॉ. नारळीकर २० मे २०२५ रोजी निवर्तले. अखेरपर्यंत ते मराठीतून लिहीत, शाळकरी मुलांच्या पत्रांना पोस्टकार्डाने उत्तरे देत, आणि कळत नाही तेथे कळत नाही असे म्हणत.

गंमत पुढेच आहे. आर्यभटाचे नाव लावलेला तो जीवाणू नंतर अनेकांना अनेक ठिकाणी सापडला, आणि तो जमिनीत. मध्य प्रदेशातील सोयाबीनच्या मुळांभोवतीच्या मातीत तो मिळाला आणि मातीतील जस्त पिकाला मिळवून देतो असे आढळले. सोयाबीन हे आज धाराशिवचे प्रमुख खरीप पीक आहे. चाळीस किलोमीटर वर जाऊन नवा म्हणून आणलेला जीव शेतकऱ्याच्या पायाखाली आधीपासून नांदत होता.

आता माणसांनाही इतक्या उंचीवर नेण्याचे बेत चालू आहेत. २६ नोव्हेंबर २००५ रोजी उद्योगपती विजयपत सिंघानिया यांनी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरून उष्ण हवेच्या फुग्यातून उड्डाण केले. वय ६७. हवाबंद डब्यात बसून ते २१,०२७ मीटर उंचीवर पोहोचले. तो जागतिक विक्रम ठरला. आणि उतरले कोठे? तर नाशिक जिल्ह्यात, सिन्नरजवळच्या पांचाळे गावच्या रानात. डिसेंबर २०२२ मध्ये हॅलो स्पेस या स्पॅनिश कंपनीची, पर्यटकांना वर नेण्यासाठी बनविलेली चाचणीची कुपी हैदराबादहून उडाली आणि तेलंगणातील विकाराबाद जिल्ह्यात एका खेड्याच्या शिवारात उतरली. आत माणूस नव्हता. भोवती माणसे मात्र पुष्कळ जमली, आणि या वेळी कोणी फावडे उचलले नाही, सर्वांनी खिशातून मोबाईल काढले. सेरेंगेटीच्या सफरीचे वेड असे आपल्या आकाशापर्यंत येऊन पोहोचले आहे. उद्या एखादा श्रीमंत प्रवासी त्या उंचीवरून बालाघाटच्या माळाकडे पाहील, आणि आपल्या मातोश्रींसारखेच उद्गार काढील अशी आम्हांला दाट शंका आहे.

त्या मातोश्रींना आम्ही अखेर हे सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, "म्हणजे फादर, आम्ही गेलो ते चुकलंच का?" आम्ही म्हटले, मुळीच नाही. कोणी नेले असते तर आम्हीही आनंदाने बसलो असतो, फक्त आमच्या वजनाने त्या पाव किलोच्या हिशेबाची थोडी पंचाईत झाली असती. त्या हसल्या. मग छायाचित्रे त्यांनी पुन्हा एकदा मागेपुढे सरकविली आणि एकावर बोट ठेवले. बलूनच्या सावलीच्या कडेला, अगदी कोपऱ्यात, तांबडे वस्त्र पांघरलेला एक माणूस उभा होता. हातात काठी, आणि मान वर केलेली. "हा तेव्हा दिसलाच नव्हता," त्या म्हणाल्या.

येत्या जानेवारीत त्यांना नळदुर्गला नेण्याचे ठरले आहे. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात बोरी नदीवर बांधलेला पाणीमहाल पाहावयाचा, मग माळावर फिरावयाचे. शेळ्यांमागे कोणी भेटलेच तर दोन शब्द बोलावयाचे. प्रवास एस.टी.ने.